कापराची हवा

पोटच्या पोराची किळस यावी, यापरतं वाईट काय असतं सांगा? पण भामाला यायची. हृतिकची नव्हे अगदी, त्याच्या तोंडाची. रोज संध्याकाळी तो यार्डातून घरी आला, की ही बाई पदर खोचून ओट्यावर हजर.

"आ कर."

चोवीस वर्षांचं दांडगं पोरगं, आईपेक्षा दीड हात उंच. ते मुकाट्यानं खाली वाकायचं आणि तोंड उघडायचं. भामा नाक पुढं करायची, वास घ्यायची आणि तोंड फिरवून अंगणात पचकन थुंकायची.

"शी! आज पन कापूर!"

दारूचा वास मारायला कुणी बडीशेप खातं, कुणी वेलची चघळतं, कुणी तंबाखूचं पान लावतं. हे सगळं भामाला तोंडपाठ होतं, कारण तिचा नवरा दारूनंच गेला. उरणजवळच्या मोऱ्याच्या धक्क्यावर लाँचच्या इंजिनावर होता तो. चांगला कमावता माणूस, पण बाटलीनं खाल्ला. तो गेल्यावर भामा लहानग्या हृतिकला काखेला मारून माहेरी भावाकडं आली, ती आजतागायत तिथंच. पनवेलहून उरणला जाणाऱ्या रस्त्याला गव्हाण फाट्याच्या अलीकडं भावाचं, आनंदाशेठचं, घर. दुमजली, पुढं ओटा, ओट्यावर झोपाळा. खाऊनपिऊन सुखी. पण ते सुख असून नसल्यासारखं, कारण बापाचंच पोरानं उचललं असं तिच्या मनानं घेतलं होतं. आणि लपवायला काय, तर कापूर! देवापुढं जाळायची वस्तू तोंडात घालून दारू झाकायची? बापानं निदान देवाला तरी यात ओढलं नव्हतं.

बरं, संशय घ्यायला जागा नव्हती म्हणावं, तर पोराचं वागणंच तसं. यार्डातून यायचा तो भिंतीला धरून धरून. डोळे तांबडे, तोंड लालबुंद. काही विचारलं तर उत्तर भलतंच. ओट्यावर बसल्या बसल्या कपाळ दाबायचा, मग उठून शेवग्याखाली जाऊन भडाभडा ओकायचा. ती घाण भामानं खराट्यानं काढायची, वर पाणी ओतायचं, आणि ओतताना त्याच्या मेलेल्या बापाचा उद्धार करायचा. रविवारी मात्र यार्डाला सुट्टी, तर गडी ठणठणीत. खाडीतल्या जिताडा माशाचं डोकं एकटा चाटूनपुसून खायचा. भामा म्हणायची, बघा, रविवारी दोस्त भेटत नाहीत म्हणून शुद्धीत असतो.

"आये, मी नाय पीत गं," हृतिक म्हणायचा.

"मंग ह्यो कापूर कसला?"

"त्यो कामावरचा. मामानं घातलाय हवेत."

हवेत कापूर घातलाय म्हणे. असलं खोटं नवऱ्यानंही कधी सांगितलं नव्हतं.

आता हे काम काय होतं ते आधी सांगायला पाहिजे. आनंदाचं यार्ड म्हणजे एके काळचं यांचंच मिठागर. त्यावर भराव पडला, पत्र्याचं कुंपण झालं, आणि तिथं ट्रेलरवरून पुलाचे लोखंडी गर्डर यायला लागले. त्यांचा गंज काढायचा, रंग मारायचा आणि परत पाठवायचे. गंज काढायचा तो हातानं घासून नाही. कॉम्प्रेसरच्या हवेच्या जोरावर काळी बारीक कच नळीतून गर्डरवर मारायची. ब्लास्टिंग म्हणतात त्याला. धूळ अशी उडते की शेजारचा माणूस दिसत नाही, आणि ती धूळ छातीत गेली तर माणूस कामातून जातो. म्हणून नळी धरणाऱ्यानं छातीपर्यंत झाकणारं हेल्मेट घालायचं. समोर काच, मागून एक नळी. त्या नळीतून हेल्मेटात हवा सोडतात, ती आत सू सू करत राहते आणि धुळीला बाहेर ठेवते. माणूस तेवढ्याच हवेवर असतो. ती हवाही त्याच कॉम्प्रेसरची. आधीचा ब्लास्टर काम सोडून गावी गेला, तेव्हा आनंदानं भाच्याला हेल्मेट घालून उभं केलं. घरचा माणूस, विश्वासाचा. भामाला तेव्हा भावाचं कोण कौतुक वाटलं होतं!

हृतिकचं लग्न ठरलं होतं. चिरनेरची भाविका. मुलगी डी.एड. झालेली, हसरी, आणि हृतिक तिच्या नावानं लाजायचा. तिचा बाप काशिराम म्हणजे पंचक्रोशीत नाव असलेला माळकरी. सगळे त्याला बुवा म्हणायचे. बुवांच्या कानावर गेलं की जावई संध्याकाळी झोकांड्या खात घरी येतो. बुवा तडक आले. झोपाळ्यावर बसले, पाणीही घेतलं नाही.

"दारुड्याला मी पोरगी देनार नाय," ते म्हणाले. "पन पोरानं कबूल केलं नि तुलशीची माल घातली, तर इचार करीन. चुकला मानूस सुधारतो."

"पोरगं माझं हाय बुवा," आनंदा म्हणाला. "मी जामीन. घालू या माल."

पण पोरगं कबूल होईना. मी पीत नाही, मग सोडू काय? भामानं जेवण टाकलं. तू खरं बोलल्याशिवाय अन्नाला शिवणार नाही म्हणाली, आणि देवघरासमोर आडवी पडली. मामी शोभानं ताट आणलं, ते परत पाठवलं. शेजारणींनी समजावलं, त्यांना हाकललं. शेवटी हृतिक येऊन उशाशी बसला. म्हणाला, "हो. पितो मी. ऊठ, जेव आता."

भामा उठली. जिंकल्यासारखं वाटलं तिला. चार घास जास्तच गेले त्या दिवशी.

गावच्या देवळात बुवांनी हृतिकच्या गळ्यात तुळशीची माळ घातली. दारू बंद, मटण बंद, मच्छी बंद. खाडीकाठच्या पोराला मच्छी बंद म्हणजे काय शिक्षा असते, ते ज्याला नाही कळत त्याला सांगून कळणार नाही. हृतिकनं मान खाली घातली. आनंदानं पेढे वाटले, भाच्याला मिठी मारली, डोळे पुसले. लोक म्हणाले, मामा असावा तर असा.

नंतरचे काही दिवस यार्डात गर्डर आले नव्हते. काम बंद होतं. पोरगं कसं लखलखीत! वरणभात खायचा, मोबाईलवर भाविकाशी बोलायचा. भामानं देवापुढं कापूर लावायला डबा उघडला तर डबाच जागेवर नाही. पितळेचा चांगला डबा, झाकणाला पोचा आलेला. कापूर या घरात हल्ली टिकतच नसे. आज वडी आणावी, उद्या संपलेली. तिनं शोभाला दोन शब्द सुनावले. शोभा पदराला हात पुसत आत गेली.

मग गर्डर आले, काम सुरू झालं, आणि पहिल्याच संध्याकाळी हृतिक ओट्याच्या पायरीवर कोसळला. आ कर म्हणायचीही गरज पडली नाही. तोंडातून, केसांतून, शर्टातून नुसता कापूर. भामाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं पडलेल्या पोराच्या दोन थोबाडीत दिल्या.

"गल्यात माल, नि पोटात दारू! मेल्या, देवाची तरी लाज धर!"

"नाय गं आये," एवढंच तो म्हणाला, आणि तिच्याच पायावर ओकला.

त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. पाय कितीदा धुतला तरी तिला तो ओंगळच वाटत राहिला. बुवांना कळायला वेळ लागला नाही. निरोप आला: दसऱ्याला यार्डात पूजेला येतो, तिथं पोराला डोळ्यांनी बघतो, नि काय ते तिथंच सांगतो.

आता पोराला रंगेहाथ पकडायचं, असं भामानं ठरवलं. कोण पाजतो, कुठं पाजतो, बघूच. दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता ती सकाळीच यार्डात गेली आणि गर्डरांच्या ढिगामागं एका रिकाम्या पिंपावर ठाण मांडून बसली. मालकाची बहीण, कोण बोलणार? नाकाला पदर लावला आणि नजर पोरावर ठेवली. हृतिकनं हेल्मेट चढवलं, नळी धरली. धुळीचा लोट उठला. मधूनमधून लोट विरला की तो दिसायचा. ना कुणी जवळ आलं, ना बाटली, ना ग्लास. साधं पाणीसुद्धा प्यायला नाही. ती बसून बसून अवघडली, ऊन डोक्यावर आलं. मग तिला दिसलं की त्याच्या हातातली नळी इकडंतिकडं जातेय. त्यानं ती सोडली, गर्डरला धरत धरत बाहेर आला, हेल्मेट कसंबसं काढलं आणि तिथंच गुडघ्यावर बसून ओकायला लागला.

भामा उठली. पोराच्या पाठीवर हात फिरवायच्या आधी तिनं ते हेल्मेट उचललं. अजून आत सू सू चालू होतं. तिनं तोंड आत घातलं.

कापूर. गार, दाट, घशाला झोंबणारा. देवळाच्या गाभाऱ्यात कोंडून घातल्यागत वाटलं. रोज पोराच्या तोंडाला येत होता तो हाच. तिनं अजून एक श्वास घेतला, आणि कापराच्या मागून दुसरं काहीतरी आलं. हा वास तिनं कुठं घेतला होता? मोऱ्याला. नवऱ्याचा डबा घेऊन लाँचच्या इंजिनापाशी खाली उतरली की हाच यायचा, आणि थोडा वेळ थांबलं की डोकं गरगरायचं. नवरा ओरडायचा, जा वर, हवेवर जा. डिझेलचा धूर होता तो!

ती हेल्मेटाची नळी धरून चालत गेली. नळी पत्र्याच्या एका शेडमध्ये शिरली होती. दार ढकललं तर आतून गरम, तेलकट, काळी वाफ अंगावर आली. कॉम्प्रेसर आधी बाहेर मोकळ्यावर असायचा. समोर टॉवर उभे राहिले, तिथल्या लोकांनी आवाजाची तक्रार केली, म्हणून आनंदानं तो उचलून जनरेटरच्या शेजारी या खुराड्यात कोंडला होता. आवाज जाऊ नये म्हणून खिडक्यांना गोणपाट ठोकलेलं. जनरेटरचं धुराडं जोडातून फुटलेलं, भकाभका आतच ओकत होतं. कॉम्प्रेसर तीच घाण ओढत होता आणि नळीतून तिच्या पोराच्या तोंडावर सोडत होता. नळीच्या वाटेवर गाळणीचा एक काचेचा वाडगा होता. गाळणी काळी ठिक्कर, चिकट, हात लावायला नको अशी. आणि वाडग्यात कापराच्या वड्या.

खाली जमिनीवर एक पितळेचा डबा होता. झाकणाला पोचा आलेला.

भामाला भडभडून आलं. ती शेडच्या दाराशी ओकली, त्याच मातीत, पोरगं ओकत होतं तशीच.

तिनं रिक्षा केली आणि हृतिकला पनवेलला दवाखान्यात नेलं. डॉक्टर मुलगी तरुण होती. तिनं नाकातोंडावर ऑक्सिजन लावला, रक्त तपासलं, आणि तिचा चेहरा बदलला.

"मावशी, दारू नाहीये ही. इंजिनाच्या धुरातला विषारी वायू आहे. त्याला स्वतःला ना रंग ना वास. धुराचा वास येतो म्हणून निदान माणूस सावध तरी होतो."

"नि त्यात कापूर टाकला तर?"

"कापरानं काय होणार? वास तेवढा झाकला जाईल. माणूस बिनधास्त ओढत राहील. नशीब म्हणा, अजून जिवंत आहे. ही हवा मोकळ्यावरून घ्यायची असते, धड गाळणी हवी, वायू वाढला की कोकलणारं यंत्र हवं. कोण आहे हो याचा मालक?"

"माझा भाऊ," भामा म्हणाली.

घरी आली तेव्हा आनंदा जेवायला बसला होता. चिंबोऱ्यांचं कालवण होतं. भामा समोर उभी राहिली आणि एका दमात सगळं सांगितलं. आनंदानं ऐकून घेतलं. नांगी फोडली, चोखली.

"ताय, सगल्या यार्डांत असंच चालतं. पयलं पयलं डोकं धरतं, मंग सवय होते."

"तुला म्हाईत होतं?"

"आदीचा ब्लास्टर पन बोलायचा, वास येतो, चक्कर येते. म्हनून तं कापूर घातला. कापरानं हवा शुद्ध होते, सगलेच सांगतात."

"चक्कर थांबली का त्याची?"

आनंदानं भात कालवला.

"थांबली नाय, म्हनून त्यो पलाला. खरं ना? तुला म्हाईत होतं पोरगं पीत नाय. नि तू देवलात पेढे वाटलेस? मिठी मारलीस? डोले पुसलेस?"

आनंदानं बोटं चाटली आणि आवाज खाली आणला. तो आवाज भामा पुढं कधी विसरली नाही. समजूतदार, गोड, घरचं हित बघणाऱ्या माणसाचा आवाज होता तो.

"ऐक, ताय. पुलाच्या कंपनीचा सायेब येतो तपासायला. हवा खराब हाय असं भायेर गेलं, तं काम बंद, यार्ड बंद. पोरगा पितो बोलले तं काय जातं? पोरं पितातच. वरून माल घातली, सुधारला, लोक उलट कवतिक करतात. हाय ते ऱ्हाऊ दे. त्याला दसऱ्यापरत घरी बसव, मी करतो बंदोबस्त. नि बुवांना यातलं काय बोलू नको. तुझं नि त्याचं ताट याच घरात वाढतात, इसरू नको."

असं बोलून त्यानं पुन्हा नांगी उचलली. ओठांच्या कडेनं लाल रस्सा ओघळला होता. हा आपला धाकटा भाऊ, याला कडेवर घेऊन आपण मिठागराच्या बांधावर फिरवलाय, हे भामाला खरं वाटेना. तिला त्याच्या बोटांची किळस आली, त्याच्या चोखण्याच्या आवाजाची आली, आणि त्या ताटाची, ज्यात ती इतकी वर्षं जेवली. तरीही ती गप्प राहिली. बंदोबस्त करतो म्हणाला होता ना. भाऊ आहे, करील, अशी एक वेडी आशा बाईमाणसाला असते. मेली सुटत नाही.

दसऱ्याला यार्ड सजलं. झेंडूची तोरणं, आंब्याचे टहाळे, गर्डरांना हळदीकुंकू. बुवा आले होते, गावची चार माणसं होती, कामगार अंघोळी करून उभे होते. हृतिक धुतलेला शर्ट घालून, माळ वर काढून एका बाजूला उभा होता. भामा आधी शेडकडं गेली. दार उघडलं, आणि जागीच थांबली. गोणपाट तसंच. फुटकं धुराडं तसंच. कॉम्प्रेसरला मात्र हार घातला होता. खाली कापराचा नवा कोरा पुडा होता, किलोचा. बंदोबस्त म्हणजे हा बंदोबस्त!

बाहेर ओडिशाचा एक माणूस हेल्मेट काखेत घेऊन उभा होता. हृतिकच्या जागी आणलेला. आरती झाली की मुहूर्ताला तो पहिल्या गर्डरवर नळी मारणार होता. जनरेटर धडधडत होता, कॉम्प्रेसर चालू होता, हेल्मेटातून सू सू येत होतं. आरतीचं ताट घेऊन आनंदा पुढं झाला, आणि बुवांकडं बघून मोठ्यानं म्हणाला,

"बुवा, पोरगं सुधारलं बरं का! मधी पाय घसरला जरा. पन मामा खंबीर हाय. आता थेंबाला शिवत नाय."

बुवांनी हृतिककडं बघितलं. हृतिक जमिनीकडं बघत होता. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. ते बघितलं आणि भामाचं डोकं फिरलं.

"थांब रे आनंदा," ती म्हणाली. "माझं पोरगं प्यायचं ना? बरं. मंग हे हेल्मेट घाल."

"काय?"

"घाल. आरती होईपरत घाल. सगल्यांसमोर. तुझ्या नलीतली हवा घे. तुला काय झालं नाय, तं मी बुवांचे पाय धरून सांगते की माझा पोरगा दारुड्या हाय. मोडा लगीन बोलते."

"सनावारी काय तमाशा लावलास?" आनंदा हसला. बाकी कुणी हसलं नाही. "मी मालक हाय. मी कशाला घालू?"

"भाच्याला घातलंस. या नव्या मानसाला घालतोस. आता तू घाल."

"माझा बीपी हाय."

"बघा," भामा लोकांकडं वळली. "त्याचा बीपी हाय."

बुवांना भांडणं आवडायची नाहीत, आणि व्याह्यांच्या घरची तर त्याहून नाहीत. ते पुढं आले आणि ओडिशाच्या माणसाच्या काखेतून त्यांनी हेल्मेट घेतलं.

"यात भांडायचं काय हाय?" ते म्हणाले. "द्या, मी घालतो. आरती होईपरतचाच तं परश्न हाय."

त्यांनी टोपी काढली, हेल्मेट दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं. आणि आनंदाच्या हातातलं आरतीचं ताट खण्णकन खाली पडलं. त्यानं झडप घालून बुवांचे दोन्ही हात धरले.

"नको, नको! बुवा, तुमी नको! तुमाला तरास होईल!"

तोंडातून निघून गेलं. आता ते परत कसं घेणार? जनरेटर तेवढा धडधडत राहिला. मातीत पडलेला कापूर जळत होता, त्याच्याकडं कुणी बघत नव्हतं.

बुवांनी हेल्मेट सावकाश खाली घेतलं.

"मला होईल," ते म्हणाले. "नि या पोराला होत नव्हता?"

आनंदा पडलेलं ताट उचलायला वाकला. ओडिशाच्या माणसाला मराठी किती कळत होतं देव जाणे, पण एवढं कळलं. त्यानं बुवांच्या हातातून हेल्मेट घेतलं, झेंडूच्या राशीवर ठेवलं आणि दूर जाऊन बसला. त्याच्यामागून बाकीचेही गेले. कुणीतरी शेडमध्ये शिरून जनरेटर बंद केला. सू सू थांबलं.

बुवा हृतिकसमोर गेले. वयानं एवढे मोठे, तरी त्यांनी हात जोडले. "पोरा, माझं चुकलं. मी तुझ्या गल्यात शिक्षा म्हनून माल घातली. पोरगी तुझीच. पन एक सांग. तू पीतच नव्हतास, तं कबूल का केलंस?"

हृतिकनं पहिल्यांदा मान वर केली.

"आय जेवत नव्हती," तो म्हणाला.

भामानं पदर तोंडात कोंबला. मघापासून भावाची येत असलेली किळस तिच्यावरच उलटली. दारूचा वास तिला ठाऊक नव्हता का? रात्री बारा वाजता झोपेतून उठवलं असतं तरी ओळखला असता. रोज नाक लावत होती पोराच्या तोंडाला. कापूर आला, कापूर आला म्हणून थुंकत होती. दारूचा वास एकदाही आला नव्हता. एकदाही नाही.

त्याच दिवशी तिनं आनंदाचं घर सोडलं. शोभा दारात रडली. कापराचं मला माहीत होतं, डबा मीच दिला होता, असं सांगत रडली. भामानं तिच्याकडं बघितलं आणि बघवेना म्हणून पिशवी उचलली. मोऱ्याला नवऱ्याची एक खोली होती, पावसानं गळकी, पण स्वतःची. तिथं दोघं जाऊन राहिले. यार्डाला पुलाच्या कंपनीनं टाळं लावलं, कारण बुवांनी स्वतः जाऊन साहेबाला सगळं सांगितलं. आनंदा गावात सांगत फिरतो, की बहिणीनं घर बुडवलं. फिरू दे.

हृतिकला धक्क्यावर काम मिळालं. पहिल्या दिवशी संध्याकाळी भामानं देवाला दिवा लावला. कापूर आणला नव्हता. यापुढं तिच्या देवाला तो मिळणारही नव्हता. पावलं वाजली म्हणून ती दारात आली. हृतिक समोर उभा होता. सरळ, धडधाकट, घामानं निथळलेला, अंगाला खाऱ्या वाऱ्याचा वास.

तिनं काही विचारलं नव्हतं. एक शब्द बोलली नव्हती. पण तो पायरीशी थांबला, तिच्यापुढं वाकला आणि त्यानं तोंड उघडलं.

"मीट," भामा म्हणाली. तिनं दोन्ही हातांनी त्याचं तोंड मिटलं. "मीट रे बाबा ते. मीट."